बुडालेली चौथी पायरी

१

चटई नाहीशी झाल्याचं लक्षात आलं रविवारी दुपारी. पण ती शनिवारीच चोरीला गेली, याबद्दल तुइलोसांच्या घरात कुणालाच शंका नव्हती. चोर कोण, हेही ठरलं होतं. माझी बहीण आणि त्या घरची सून, सालाफाई.

चर्चमधून येऊन आम्ही नुकत्याच जेवायला बसलो होतो. आईने अळूच्या पानांची पुडी सोडली, आतलं नारळाचं दूध बोटांवरून ओघळलं, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडे सालाफाईची आतेसासू होती, एनेआत्या. आवाज एवढा मोठा, की आईने फोन कानापासून हातभर लांब धरला.

“माझ्या गादीखालची चटई कुठे आहे ते विचार तुझ्या लेकीला!”

“कुठली चटई, एने?”

“‘समुद्राची झोप’! दुसरी कुठली?”

आईने हातातलं पान खाली ठेवलं.

‘समुद्राची झोप’ हे त्या चटईचं नाव. केवड्याची पात दोऱ्याइतकी बारीक चिरून तुइलोसांच्या पणजीने ती नऊ वर्षं विणली होती. हातात घेतली तर कापडासारखी घडी पडते, काठाला लाल पिसं. अशी चटई कुणी अंथरत नाही. ती गादीखाली सपाट ठेवतात आणि घराण्यात मोठं लग्न किंवा मोठं मरण असेल तेव्हाच बाहेर काढतात. आता मरण होतं. तुइलोसांची म्हातारी मावशी पलीकडच्या बेटावर, पागोपागोला वारली होती, आणि चटई घेऊन सोमवारी संध्याकाळच्या विमानाने निघायचं ठरलं होतं.

“मी चटईला हातसुद्धा लावला नाही,” सालाफाई म्हणाली.

“मग शनिवारी दुपारी बसमध्ये चढलीस तेव्हा काखेत काय होतं?” आत्याने फोनमधून विचारलं.

काखेत चादरीत गुंडाळलेलं गाठोडं होतं. त्यात सालाफाईची स्वतःची अर्धवट विणलेली चटई होती. काठ वळायला शिकायचा म्हणून ती एका रात्रीसाठी आईकडे आली होती. गाठोडं आमच्या कोपऱ्यातच पडलेलं होतं. पण हे फोनवरून कसं दाखवणार?

“आत्या, चटई शनिवारच्या आधीच गेली नसेल कशावरून?” मी मध्येच विचारलं.

“कोण, मोए का? ये, तूही ये. शिकलेली आहेस ना! शनिवारी सकाळी चटई घरात होती, याचा आमच्या इयाकोपोकडे फोटो आहे. वेळ-वारासकट.”

२

तुइलोसांचं गाव आमच्या पुढचंच. रविवारी बस नसते, म्हणून आम्ही ऊन उतरल्यावर किनाऱ्याने चालत गेलो. पोचलो तेव्हा पावणेसहा होत आले होते.

घराच्या मागे दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. एकूण सात, प्रत्येक पायरी बरोबर एक वीत उंच. मी हवामान कार्यालयात भरती-ओहोटीचे तक्ते करते, त्यामुळे पाण्याजवळ गेलं की पायऱ्या मोजायची मला खोड आहे. दोन कोरड्या होत्या. बाकीच्या पाण्यात.

सालाफाईला घरात घेतलं नाही. ती बाहेर नीरफणसाखाली बसली. तिची दोन वर्षांची लेआ आतून आईला पाहून हात हलवत होती. आत्याने तिला कडेवर घेतलं आणि पाठ फिरवली.

तुइलोसा मांडी घालून बसले होते. ते घराण्याचे मताई. घरात त्यांचा शब्द शेवटचा. मुलगा फिती, म्हणजे सालाफाईचा नवरा, टास्मानियात चेरी तोडायच्या कामावर गेलेला.

“बोल,” ते मला म्हणाले.

“काका, चटई तुम्ही शेवटची कधी पाहिली?”

“ते बायकांचं खातं. एनेला विचार.”

“मी पाहिली गुरुवारी,” आत्या म्हणाली. “पिसं मोजली. मग शनिवारी दुपारभर बसून बाकीच्या साध्या चटयांचे भारे बांधले, दफनाला द्यायचे. हे बघ तीन. आज जेवण झाल्यावर म्हटलं, आता ‘समुद्राची झोप’ काढावी. गादी उचलते, तर खाली नुसतं उंबराएवढं झुरळ!”

भारे भिंतीशी होते. दोन सालीच्या दोरीने बांधलेले, तिसरा निळ्या नायलॉनच्या दोरीने.

“शनिवारी सकाळी चटई कुणी बाहेर काढली होती?”

“मी नाही. मी का काढू? ऊन दाखवायचं असेल तर मी सांगून दाखवते.”

“मी सांगतो ना, हवामानबाई,” इयाकोपो म्हणाला.

तो तुइलोसांचा पुतण्या. पागोपागोत मासळीच्या कारखान्यात कामाला, बाप तिथेच स्थायिक झालेला. चटई आणि माणसं घेऊन जायला तो शुक्रवारी संध्याकाळी आला होता. पागोहून निघाला तेव्हा तिथे गुरुवार होता, पण ते नेहमीचंच. पाऊण तासाचं विमान आणि मध्ये वार बदलायची रेषा, म्हणून एक दिवस. त्याने आणलेलं टूनाच्या डब्यांचं खोकं दारात उघडं पडलं होतं. हातात मोठ्या पडद्याचा फोन होता.

“शनिवारी सकाळी उठून मागे गेलो,” तो म्हणाला, “तर चटई पायऱ्यांवरच्या दगडी कठड्यावर पसरलेली. एवढी सुंदर चटई, बाबांना दाखवायला फोटो काढला. आता कळतंय, कुणी आणि कशाला पसरली होती ते. दुपारी गाठोडं तयार!”

त्याने फोन पुढे केला. कठड्यावर चटई, लाल पिसांवर कोवळं ऊन. मागे पायऱ्या, पाणी, आणि पाण्याकडेने वळत गेलेलं गाव, झाडांवर सगळं निळसर धुरकट. वरच्या बाजूला लिहिलं होतं: शनिवार, सकाळचे सहा पंचवीस.

“माझ्या फोनवर ब्लूटूथने पाठवशील?”

“जरूर पाठव. फ्रेम करून लाव.”

“हा पाठवेल तो फोटो ठीक,” आत्या पुटपुटली, “पण त्या फोनचा गळा एकदा दाबा कुणीतरी. शनिवारी पहाटे पाचला असा कोकलला की लेआ दचकून उठली. आज मात्र गप्प.”

“कामाच्या दिवसांचा गजर आहे, आत्या,” इयाकोपो हसला. “सोमवार ते शुक्रवार. बंद करायचा राहिला.”

मी बाहेर आले. “सालाफाई, शनिवारी सकाळी चटई कठड्यावर होती?”

“नव्हती.”

“नक्की?”

“मोए, मी सहा वाजल्यापासून त्याच कठड्यावर कपडे धूत होते! चटई असती तर मी कपडे कुठे आपटले असते, तिच्यावर?”

मागून तुइलोसांचा आवाज आला. “उद्या चार वाजता गावसभा बसेल. तोवर चटई परत आली तर मी काही बोलणार नाही. नाही आली, तर सालाफाईने या घरात पाय ठेवायचा नाही. लेआ आमच्या घरची आहे. ती इथेच राहील.”

३

सोमवारी सकाळी सात वाजता मी कार्यालयात जाऊन तक्ता उघडला.

माणसं खोटं बोलतात किंवा विसरतात. पाणी दोन्ही करत नाही. फोटोत पायऱ्या दिसत होत्या. मी तो मोठा करून मोजल्या. तीन कोरड्या, चौथी पाण्याखाली. रविवारी पावणेसहाला मी स्वतः दोन मोजल्या होत्या, आणि तेव्हाची पाण्याची उंची तक्त्यात होती. म्हणजे कुठल्या उंचीला कुठली पायरी बुडते, हे मला कळलं. आता शनिवारी सकाळी सहा पंचवीसची उंची घ्यायची आणि पायऱ्या मोजायच्या.

उत्तर आलं: चार कोरड्या.

पुन्हा केलं. चार.

भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. पन्नास मिनिटांत त्या वेळेला पाणी बरोबर वीतभर चढतं किंवा उतरतं. मग मला वाटलं, मीच चुकून एक ओळ वर-खाली वाचली असेल. पट्टी लावून वाचलं. रविवारची ओळ धरली तर उत्तर तीन येत होतं, अगदी फोटोसारखं. पण रविवारची ओळ धरायची कशाला? फोटो शनिवारचा होता.

वाऱ्याने पाणी चढलं असेल? वाऱ्याची नोंद पाहिली. पान हलणार नाही एवढाच. पायरी खचली असेल? दगडी पायरी एका रात्रीत वीतभर खचत नाही. फोनचं घड्याळ पन्नास मिनिटं पुढे असेल? पण काल इयाकोपोच्या फोनवर पावणेसहा होते आणि माझ्याही फोनवर पावणेसहाच. मिनिटसुद्धा इकडचं तिकडे नव्हतं.

फोटो खरा, घड्याळ खरं, तक्ता खरा. सालाफाई खरी असेल तर कठड्यावर त्या वेळी कपडे होते. आणि फोटोत चटई.

अर्धा तास मी त्या कागदाकडे बघत बसले. माझ्या गणितात काहीतरी मूर्खपणा आहे याची खात्री होती, फक्त तो सापडत नव्हता. मग एक नको तो विचार आला. पायरीचं सोडून दिलं, तर बाकी सगळं सरळ होतं. सालाफाईने चटई नेली असेल, तर?

कागद चुरगळून टाकला. नऊ वाजले होते. काही नाही तरी फितीला कळवायला हवं होतं. त्याच्या बायकोला घराबाहेर काढतायत आणि तो हजारो मैलांवर चेरी तोडतोय. त्याचा टास्मानियातला नंबर सालाफाईच्या फोनमध्ये होता आणि तो फोन सासरीच राहिला होता. नंबर आणखी एकाच माणसाकडे असणार होता. चुरगळलेला कागद उचलून खिशात घातला आणि निघाले.

४

फिलीमावशी बंदराच्या फाटकाशी बसते. एक टेबल, एक छत्री, आणि अंबाड्यात खोचलेला एक सरळ केलेला आकडा, सिमचा कप्पा उघडायला. परदेशी जाणारा प्रत्येक माणूस आधी तिच्यासमोर बसतो. ती त्याचं इथलं सिम काढते, तिकडचं घालते, आणि इथलं सिम चिकटपट्टीने एका पुठ्ठ्यावर लावून खाली नाव लिहिते. तिकडचा नंबरही. पुठ्ठ्यांवर अर्धं बेट चिकटलेलं आहे.

“फिती टास्मानियाचा,” ती पुठ्ठा चाळत म्हणाली. “हा बघ. पण या वेळी तो शिडीवर असणार, उचलणार नाही. काय झालंय? चेहरा का असा, जसं काही वादळ तुझ्यामुळे आलंय?”

मी सगळं सांगितलं. कागदही दाखवला.

“पायऱ्या मला दाखवू नकोस पोरी, मला जिन्याची सवय नाही. फोटो कुणाच्या फोनमधला?”

“इयाकोपोच्या. त्याने शुक्रवारी तुझ्याकडून सिम घेतलं ना?”

“घेतलं. पण त्या मोठ्या फोनमध्ये नाही घातलं. त्या फोनला तिकडच्या कंपनीने कुलूप घातलंय. आपलं सिम दाखवलं की जावयासारखा रुसतो. मग मी पागोचं सिम काढून पुठ्ठ्यावर लावलं आणि इथलं त्याच्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं. हे बघ, इयाकोपो, पागो.” तिने नखाने पुठ्ठ्यावरच्या सिमवर टिचकी मारली. “मोठा फोन तेव्हापासून रिकामा. नुसता कॅमेरा.”

“मग त्याला वेळ कोण सांगतं?”

मी हे विचारलं आणि तोंड उघडंच राहिलं.

फोनला वेळ आणि वार सांगतं त्या जागेचं नेटवर्क. सिम काढलं की फोन शेवटची ऐकलेली वेळ धरून आपला आपण पुढे चालत राहतो. तो फोन पागोपागोच्या वेळेवर चालत होता. पागोची आणि आमची घड्याळं मिनिटालाही वेगळी नाहीत. इथे दोन वाजतात तेव्हा तिथेही दोनच वाजतात.

फक्त आदल्या दिवसाचे.

“मावशी, घड्याळ बरोबर होतं! मी तपासलं होतं!”

“सगळे तेवढंच तपासतात,” फिलीमावशी म्हणाली. “इथून तिथे जाणारं एक माणूस दाखव मला, जे फोनचा वार बदलतं. कशाला बदलेल? चार दिवसांनी परत जायचं, की आपोआप जुळतो.”

गजर! पहाटे पाचला शनिवारी वाजला, कारण फोनला तो शुक्रवार वाटत होता. रविवारी गप्प राहिला, कारण फोनसाठी तो शनिवार होता.

“म्हणजे फोटो रविवारचा,” मी म्हणाले. “पाणी बरोबर होतं.”

“पाण्याचं तुझं तू बघ. पण गावसभेतल्या म्हाताऱ्यांना तू वीत आणि मिनिटं सांगत बसलीस तर ते घोरायला लागतील. आण तो फोटो इकडे.”

तिने चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांना भिडवला आणि बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे असं पाहिलं, की मला शाळेत उभं केल्यासारखं वाटलं.

“तू जन्मलीस कुठे गं? या बेटावरच ना?”

“हो. का?”

“चटईच्या मागे, गावावर. हे काय आहे?”

“धुरकट आहे. पहाटेचं...”

“नीट बघ. मोज. तुला मोजायला आवडतं ना?”

मी मोठं केलं. धुरकट नव्हतं ते. वेगवेगळ्या झाडांमागून वर गेलेले धुराचे खांब होते. सात, आठ, नऊ. किनाऱ्याच्या वळणावरच्या प्रत्येक घरामागे एक.

५

आम्ही दोन वाजता तुइलोसांच्या दारात होतो. सालाफाईला मी वाटेत घरून घेतलं होतं. ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

“ही कोण?” तुइलोसांनी विचारलं.

“फिलिफिली. बंदरावर सिम विकते,” मावशी आत शिरून बसली सुद्धा. “तुमच्या फितीचं सिम माझ्या पुठ्ठ्यावर आहे. या पुतण्याचंही आहे. पोरा, तुझ्या मोठ्या फोनमध्ये किती वाजले?”

इयाकोपो बॅग भरत होता. त्याने नाइलाजाने फोन काढला. “दोन बारा.”

“तुमच्या भिंतीवर?”

“दोन बारा,” तुइलोसा म्हणाले.

“वा! फोन अगदी बरोबर. आता वार वाच.”

इयाकोपोने फोन पालथा केला.

“अरे, वाच की,” एनेआत्या म्हणाली. “वार वाचायला कसली लाज?”

मावशीने फोन त्याच्या हातातून अलगद घेतला आणि तुइलोसांपुढे धरला. त्यांनी डोळे बारीक केले.

“रविवार म्हणतोय. आज तर सोमवार.”

“तो अजून पागोतच आहे, काका,” मी म्हणाले. “त्यात इथलं सिम गेलंच नाही. तो सगळं एक दिवस मागे लिहितो. त्याने शनिवार लिहिलं, म्हणजे इथे रविवार होता. फोटो काल सकाळी सहा पंचवीसला काढलाय.”

“कशावरून?” इयाकोपो म्हणाला. “वार मग बदलला असेल. कालच. मी... माझ्या हाताने बदलला असेल.”

“आणि शनिवारी पहाटे गजर वाजला, तो? तुझा कारखान्याचा गजर, सोमवार ते शुक्रवार?”

आत्याने मान वर केली. “लेआ दचकून उठली होती,” ती सावकाश म्हणाली.

मी पायऱ्यांचा कागद काढायला लागले. मावशीने माझा हात दाबला आणि माझा फोन आत्याच्या हातात दिला. “एने, तुझी नजर अधू आहे असं ऐकलंय. पण हे तुला मैलावरून दिसेल. मागे बघ, गावावर.”

आत्याने फोन नाकाशी नेला. एक हात लांब केला, परत जवळ आणला.

“भट्ट्या,” ती म्हणाली. “सगळ्या गावाच्या भट्ट्या पेटल्यात.”

आमच्याकडे दगड तापवून त्यांवर अळकुड्या, नीरफणस, डुक्कर भाजायची ती मोठी भट्टी गावभर एकदमच पेटते ती फक्त एका पहाटे. चर्चमधून आल्यावर जेवण तयार असावं म्हणून.

“शनिवारी आपण काय खाल्लं होतं, आत्या?”

“याने आणलेले डबे!” आत्या कडाडली. “डब्यातला मासा आणि बिस्किटं! शनिवारी कोण मरायला भट्टी पेटवतंय? हा रविवार आहे, तुइलोसा. हा आमच्याच भट्टीचा धूर, केळीमागचा. मी त्या वेळी चर्च झाडायला गेले होते. आणि गादीपाशी कुणीच नव्हतं...”

सगळ्यांनी एकदम इयाकोपोकडे पाहिलं.

“रविवारी सकाळी चटई इथे होती,” मी म्हणाले. “सालाफाई शनिवारी दुपारपासून आमच्या घरी. आमच्या अख्ख्या चर्चने तिला पाहिलंय, सोप्रानोत बेसूर गाताना.”

“बेसूर नव्हते मी!” उंबऱ्याबाहेरून आवाज आला.

“मग चटई आहे कुठे?” तुइलोसांनी विचारलं. आवाज फार हळू होता. “काल घर उलटंपालटं केलं. याची बॅगही.”

चटई कुठे आहे, हे मलाही माहीत नव्हतं. मी उगाच भिंतीकडे पाहिलं. दोन भारे सालीच्या दोरीचे, एक निळ्या.

“आत्या, शनिवारी तिन्ही भारे तुम्ही कशाने बांधले?”

“सालीच्या दोरीने. मी आयुष्यात दुसऱ्या कशाने भारा बांधलेला नाही.”

“मग हा निळा कुणाचा?”

अधू नजरेमुळे आत्याला लांबून निळा दिसत नव्हता. तिने जवळ जाऊन दोरी बोटांनी चाचपली, गाठ चाचपली, आणि मग मागे वळून दारातल्या टूनाच्या उघड्या खोक्याकडे तोंड केलं. ते खोकं आलं तेव्हा ते कशाने बांधलेलं होतं, हे तिला आठवत असावं. तिने दातांनी गाठ सोडली. साध्या चटईच्या गुंडाळीत दुसरी साधी चटई, तिच्या आत तिसरी, आणि तिच्यात मऊ, कापडासारखी, लाल काठाची.

६

“हा भारा मी उचलणार होतो,” इयाकोपोने शेवटी सांगितलं. “बाबांना तिथे मताईपद हवंय. दफनात ही चटई बाबांच्या हातून पुढे गेली असती तर मान त्यांना मिळाला असता. मी रविवारी ती काढली, फोटो घेतला, बांधली. एवढंच. सालाफाईचं नाव माझ्या डोक्यातही नव्हतं. आत्या ओरडायला लागली तेव्हा फोटोवर नजर गेली. वर शनिवार लिहिलेलं. मला काही सुचवावंच लागलं नाही, फोननेच सुचवलं.”

“फोनने सुचवलं,” फिलीमावशी म्हणाली, “पण तोंड तुझं होतं.”

चार वाजता गावसभा बसली आणि साडेचारला उठली. काय ठरलं ते आम्हाला मंगळवारी पहाटे कळलं. उजाडताना आईने दार उघडलं, तर अंगणात तुइलोसा जमिनीवर बसले होते, मान खाली घालून. डोक्यावरून पार गुडघ्यांपर्यंत ‘समुद्राची झोप’ पांघरलेली. मागे इयाकोपो, त्याच्यामागे एनेआत्या, कडेवर लेआ. माफी मागणारा असा बसतो, आणि ज्याचा अपराध केला त्या घरातलं माणूस येऊन चटई उचलेपर्यंत बसूनच राहतो. कधी कधी दुपार होते. कधी चटई उचललीच जात नाही.

आईने सालाफाईकडे पाहिलं. “तुझं तू ठरव.”

सालाफाई पायरीवर बसून राहिली. ऊन आलं. लाल पिसं चमकायला लागली. तुइलोसांची पाठ हळूहळू वाकत गेली. लेआने चुळबूळ केली, आत्याच्या कडेवरून उतरली, दुडदुडत पुढे आली आणि चटईच्या कडेखाली डोकं घालून आजोबांचा चेहरा शोधायला लागली.

तेव्हा सालाफाई उठली आणि तिने चटई उचलली.

उचललेली चटई उचलणाऱ्याच्या घरची होते. तिचं काय करायचं, हे आता सालाफाईने ठरवायचं होतं.

“दफन तिथल्या मंगळवारी आहे ना?” तिने विचारलं. “मग मी नेते. माझ्या हाताने देईन. तुइलोसांच्या घरातर्फे.”

तुइलोसांनी मान हलवली. आत्या रडत होती आणि रडता रडता सांगत होती, की पिसं पुन्हा मोजून घे.

दुपारच्या विमानासाठी आम्ही बंदरावरून गेलो. फिलीमावशीने अंबाड्यातला आकडा काढून सालाफाईच्या फोनमधलं सिम काढलं, पागोचं घातलं, आणि इथलं पुठ्ठ्यावर फितीच्या शेजारी चिकटवलं. फितीने काल दुपारच्या सुट्टीत फोन उचलला होता. तो इतका ओरडला, की मावशीने त्याला शिडी धरायला सांगितलं.

“पोचलीस की वार बदलला का बघ,” ती सालाफाईला म्हणाली. “वेळ बघू नकोस. वेळेवरूनच सगळे फसले.”

सालाफाई एका काखेत चटई आणि दुसऱ्या कडेवर लेआ घेऊन विमानात चढली. मी कार्यालयात परतले, तक्ता उघडला, आणि शनिवारच्या ओळीपुढे पेन्सिलीने लिहिलं: चार पायऱ्या, बरोबर.

दोन वाजता एका अनोळखी नंबरवरून संदेश आला.

“पोचले. इथे अजून सोमवार आहे, गावसभेचे चार वाजायचेत. लेआला घेऊन जरा झोपते.”